‘क्ष’ प्रथिनाची कुळकथा

बीजगणितांत जी राशि अज्ञात असते तिला ‘क्ष’ म्हणण्याची मराठी शाळांतून वहिवाट आहे. इ. स. १८९५ मध्यें रंटगेन यांस ज्या किरणांचा शोध लागला त्यांचें स्वरूप त्यांना उमगलें नव्हतें. म्हणून त्यांनीं त्या किरणांस रोमन वर्णमालेंतील ‘एक्स’ हें अक्षर लाविलें, आणि मराठींत ते क्ष-किरण झाले. किरणांचें स्वरूप पुढें सतरा वर्षांत कळलें. नांव मात्र तेंच राहिलें. त्याच अक्षराचा मान एका प्रथिनासही मिळालेला आहे. माणसाच्या यकृतांत बिऱ्हाड करून राहणाऱ्या एका विषाणूचें तें प्रथिन होय. त्याची लांबी अवघी १५४ अमिनो आम्लांची आहे, आणि त्याचें मुख्य काम काय हें कळावयास १९७९ पासून २०१६ पर्यंत ३७ वर्षें लागलीं.

या विषाणूमुळें होणाऱ्या रोगास वैद्यकांत ‘हिपॅटायटिस बी’ म्हणतात. मराठींत त्यास ‘ब’ प्रकारचा यकृतदाह म्हणावें. सामान्य जनांच्या बोलण्यांत मात्र सर्वच यकृतदाह ‘कावीळ’ या एका नांवाखालीं मोडतात. वास्तविक कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ती रोगाची खूण आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या कीं त्यांतून पिंवळें द्रव्य निघतें व यकृत तें पित्तावाटे बाहेर टाकतें. यकृत दुखावलें कीं तें द्रव्य रक्तांत सांचतें आणि डोळे पिंवळे दिसूं लागतात. चरकसंहितेंत पांडुरोगाच्या अध्यायांतच कामलेचें वर्णन आहे, तेव्हां ही खूण भारतीय वैद्यांस फार जुन्या काळापासून परिचित होती. मंत्र म्हणून अथवा गळ्यांत माळ घालून कावीळ उतरविणारे खेडोपाडीं पुष्कळ आढळतात आणि त्यांचे रोगी बरेही होतात. कारण दूषित पाण्यांतून होणारी कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपली आपणच उतरते, आणि श्रेय माळेला मिळतें. रक्तावाटे येणारा ‘ब’ प्रकार इतका सरळ नाहीं. निरोगी प्रौढ माणसास तो झाला तर १०० पैकीं ९५ जण त्यांतून सुटतात; परंतु मातेकडून जन्माच्या वेळीं तो ज्या अर्भकांस मिळतो त्यांपैकीं शेंकडा ९० मुलांच्या यकृतांत तो कायमचा ठाण मांडून बसतो. ताप नाहीं, पिंवळेपणा नाहीं, दुखणें नाहीं. आणि तीसचाळीस वर्षांनीं कांहींचें यकृत कठीण होऊन जातें, कांहींच्या यकृतांत कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांत असा जुनाट संसर्ग असलेले २५ कोटी ४० लाख लोक होते. त्यांपैकीं सुमारें ३ कोटी भारतांत होते.

हा रोग रक्तावाटे जातो ही गोष्ट प्रथम एका लशीनेंच उघडकीस आणली. १८८३ सालीं जर्मनींतील ब्रेमेन येथें जहाजें बांधणाऱ्या एका कारखान्यांतील १,२८९ कामगारांस देवी टोंचण्यांत आल्या. त्या काळीं देवीची लस माणसाच्याच फोडांतील द्रवापासून करीत. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांस कावीळ झाली. निराळी लस टोंचलेल्या इतर कामगारांस ती झाली नाहीं. ल्यूर्मान नांवाच्या डॉक्टरानें ही हकीकत १८८५ सालीं प्रसिद्ध केली. तिचा बोध मात्र जगानें लवकर घेतला नाहीं, आणि त्याच चुकीची मोठी आवृत्ति १९४२ सालीं निघाली. अमेरिकन सैनिकांस पीतज्वराची लस देण्यांत आली होती; ती टिकावी म्हणून तींत माणसाच्या रक्ताचा द्रव मिसळलेला होता, आणि त्या द्रवांतील अदृश्य विषाणूमुळें सुमारें ५० हजार सैनिक काविळीनें आडवे झाले. पीतज्वर टाळण्यासाठीं दिलेल्या औषधानें माणसें पिंवळीं पडावींत हा दैवाचा विनोद क्रूरच म्हणावा लागेल. पुढें १९४७ सालीं इंग्लंडांतील मॅक्कॅलम यांनीं पोटावाटे येणाऱ्या प्रकारास ‘अ’ व रक्तावाटे येणाऱ्यास ‘ब’ अशीं नांवें सुचविलीं. नांवें झालीं, विषाणु मात्र कोणी पाहिला नव्हता.

तो सांपडला तो त्याच्या शोधांत नसलेल्या माणसाच्या हातीं. बरूच ब्लुम्बर्ग हे अमेरिकन संशोधक निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांत आनुवंशिक भेद कोणते असतात हें पाहत होते. ज्यांस अनेक वेळां परक्यांचें रक्त द्यावें लागतें अशा रोग्यांच्या रक्तांत परक्या द्रव्यांविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार होतात; तेव्हां अशा रोग्यांचे रक्तद्रव दूरदूरच्या लोकांच्या रक्तद्रवांशीं जुळवून पाहावे, ही त्यांची रीति होती. १९६३ सालीं हार्वी ऑल्टर यांच्यासह काम करीत असतां रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार असलेल्या एका रोग्याचा रक्तद्रव एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवाशीं जुळला व दोहोंच्या मध्यें पांढरी रेघ उमटली. त्या अज्ञात द्रव्यास त्यांनीं ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हटलें आणि प्रथम तें आनुवंशिकच असावें असें मानलें. परंतु १९६६ मध्यें एका मुलाच्या रक्तांत पूर्वीं नसलेलें हें द्रव्य नव्यानें दिसलें, आणि तपासांत त्याच्या यकृतास दाह झालेला आढळला. पुढच्याच वर्षीं त्या प्रयोगशाळेंतील एका तंत्रज्ञ स्त्रीस कावीळ झाली व तिच्याही रक्तांत तें उमटलें. जें जन्मतः असतें तें मध्येंच उगवत नाहीं. ऑस्ट्रेलिया प्रतिजन म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून ‘ब’ विषाणूच्या अंगावरचें कवच होतें. १९७० सालीं लंडन येथें डेन यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून आख्खा विषाणु पाहिला. त्याचा व्यास ४२ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरांत असे सुमारें २४ हजार कण रांगेनें मावावे. ब्लुम्बर्ग यांस १९७६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

रोग्याच्या रक्तांत या विषाणूच्या रिकाम्या कवचांचा अक्षरशः सुकाळ असतो. तीं कवचें वेंचून, शुद्ध करून केलेली पहिली लस १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली आणि १९८६ पासून तेंच कवच किण्वाच्या पेशींत तयार होऊं लागलें. त्याच १९८१ सालीं तैवानमधील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष बाहेर आला. २२,७०७ पुरुषांवर तेथें कांहीं वर्षें नजर ठेवण्यांत आली होती. यकृताच्या कर्करोगानें त्यांतील ४१ जण दगावले. त्यांपैकीं ४० जण या विषाणूचे वाहक होते. तैवाननें १९८४ सालीं नवजात मुलांस लस देण्यास आरंभ केला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील यकृत-कर्करोगाचें प्रमाण दर लाखीं ०.७० वरून १९९० ते १९९४ या काळांत ०.३६ वर आलें. भारतांत स्वदेशी बनावटीची अशी लस हैदराबाद येथें १९९७ सालीं निघाली व २०११ पर्यंत ती सर्व राज्यांतील बालकांच्या लसीकरणांत समाविष्ट झाली. लस ही आधीं घ्यावयाची वस्तु. ज्यांच्या यकृतांत विषाणु शिरून बसला आहे त्यांस तिचा उपयोग नाहीं. आणि त्यांच्यासाठींच ‘क्ष’ प्रथिनाची कथा महत्त्वाची आहे.

१९७९ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील पिएर तिओले व त्यांचे सहकारी यांनीं या विषाणूची संपूर्ण जनुकसंहिता वाचून प्रसिद्ध केली. ती ३,१८२ अक्षरांची निघाली; मानवी संहिता हिच्या सुमारें दहा लाखपट आहे. इतक्या तुटपुंज्या पुंजीवर संसार चालवावयाचा म्हणून विषाणूनें काटकसरीची पराकाष्ठा केली आहे. संस्कृत व मराठी काव्यांत सभंग श्लेष नांवाचा अलंकार आहे. तींच अक्षरें निराळ्या ठिकाणीं तोडलीं म्हणजे निराळे शब्द व निराळा अर्थ निघतो. या विषाणूच्या संहितेंतील पुष्कळ अक्षरें याच रीतीनें दुहेरी वाचलीं जातात. असे चार पाठ तींत आढळले. एक कवचाचा, दुसरा गाभ्याचा, तिसरा नवें डीएनए घडविणाऱ्या विकराचा. चौथा पाठ कोणत्याही ज्ञात प्रथिनाशीं जुळेना. विद्वानांनीं त्यास ‘एक्स’ म्हणून सोडून दिलें.

सोडून दिलें असें म्हणणें कदाचित् अन्यायाचें होईल, कारण पुढील तीन दशकांत या एका प्रथिनावर जितके निबंध निघाले तितके क्वचितच एखाद्या लहान प्रथिनावर निघाले असतील. १९८७ व १९८८ मध्यें असें दिसलें कीं हें प्रथिन पेशींत घातलें तर इतर जनुकांचें काम वाढतें. प्रयोगाची पद्धत अशी असे: परीक्षेसाठीं निवडलेलें जनुक डीएनएच्या एका लहानशा वाटोळ्या कड्यावर बसवावयाचें, तें कडें ‘क्ष’च्या जनुकासह पेशींत सोडावयाचें, आणि त्याचे उतारे किती निघतात तें मोजावयाचें. नवल हें कीं कोणतेंही जनुक घेतलें तरी ‘क्ष’ त्यास चेतना देई. विषाणूचें जनुक असो, माणसाचें असो, संबंध नसलेलें असो, सर्वांवर सारखीच कृपा. डीएनएला तें स्वतः चिकटत नाहीं हेंही लवकरच ठरलें. मग तें पेशींतील कोणत्या तरी प्रथिनाच्या द्वारें हें काम करीत असावें असें मानून जो तो तें प्रथिन हुडकूं लागला, आणि जो हुडकूं लागला त्यास तें सांपडलें! संदेश वाहणारीं प्रथिनें, उतारे काढणारीं प्रथिनें, पेशीच्या मृत्यूचीं प्रथिनें, कर्करोगास आळा घालणारें सुविख्यात पी-५३, अशी सोयऱ्यांची यादी वाढतच गेली. ज्याचे सर्वच सोयरे त्याचें घर कोणतें, हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला.

या गोंधळास कारणें होतीं. ‘क्ष’ प्रथिन खऱ्या संसर्गांत अत्यल्प प्रमाणांत असतें आणि झटपट नाश पावतें. प्रयोगांत मात्र तें पेशींत खच्चून भरलें जाई. एकटें असतां त्यास निश्चित आकारही फारसा नसतो, त्यामुळें तें शुद्ध करून त्याची घडण पाहणें दुरापास्त होतें. शिवाय माणसाचा हा विषाणु सामान्य प्रयोगपेशींत शिरतच नसे; कोणत्या दारानें तो यकृतपेशींत शिरतो हें बीजिंगच्या वेनहुइ ली यांनीं दाखविलें तें २०१२ सालीं. उंदरांवरील प्रयोगांनीं तर वाद मिटण्याऐवजीं पेटला. १९९१ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत असें प्रसिद्ध झालें कीं उंदरांच्या वंशांत ‘क्ष’चें जनुक घातलें असतां त्यांस यकृताचा कर्करोग होतो, आदल्याच वर्षीं दुसऱ्या प्रयोगशाळेनें तसेच उंदीर निर्माण केले होते व त्यांच्या यकृतांस कांहींही झालें नव्हतें. दोन्ही प्रयोग प्रामाणिक होते. विषाणूस स्वतःला या प्रथिनाची काय गरज, या मूळ प्रश्नाचें उत्तर मात्र दोहोंतही नव्हतें.

त्या प्रश्नाचा पहिला सरळ जबाब एका रानटी प्राण्यानें दिला. उत्तर अमेरिकेंत खारीच्या कुळांतला, बिळें करून राहणारा वूडचक नांवाचा प्राणी आहे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतील वूडचक यकृताच्या कर्करोगानें मरत, आणि त्यांच्या रक्तांत मानवी विषाणूचा चुलतभाऊ शोभेल असा विषाणु १९७८ सालीं सांपडला होता. १९९३ व १९९४ मध्यें संशोधकांनीं या विषाणूचें फक्त ‘क्ष’ जनुक निकामी केलें आणि तो वूडचकांच्या यकृतांत टोंचला. संसर्ग बसला नाहीं. म्हणजे हें प्रथिन विषाणूच्या संसारांतील शोभेची वस्तु नव्हे; त्याच्यावांचून चूलच पेटत नाहीं. पुढें २०११ सालीं मानवी यकृतपेशींतही हेंच दिसलें. ‘क्ष’विना विषाणु पेशींत शिरतो, केंद्रांत पोंचतो, आपलें कडें तयार करतो आणि तेथें मुका होऊन पडतो.

हें कडें म्हणजेच रोगाचें मूळ होय. विषाणूचें डीएनए पेशीच्या केंद्रांत गेलें कीं त्याचें एक बंद, पीळदार वलय बनतें. या वलयावरून उतारे निघतात. उताऱ्यांपासून प्रथिनें होतात, आणि एका लांब उताऱ्यावरून उलट दिशेनें पुन्हां डीएनए घडविलें जातें. ही उलटी रीति समर्स व मेसन यांनीं बदकांच्या विषाणूंत १९८२ सालीं दाखविली. मूळ वलय मात्र केंद्रांतच राहतें, जणूं देव्हाऱ्यांतली मूळ पोथी; बाहेर जातात त्या तिच्या नकला.

आतां ‘क्ष’च्या असंख्य सोयऱ्यांपैकीं एकाची ओळख वेगळी करून घेणें अवश्य आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील प्रयोगशाळेस डीडीबी-१ नांवाचें पेशींतील प्रथिन ‘क्ष’स घट्ट धरतांना आढळलें. तें दुखावलेल्या डीएनएच्या दुरुस्तीशीं संबंधित म्हणून ठाऊक होतें, त्यामुळें ‘क्ष’ दुरुस्ती बिघडवितें व म्हणून कर्करोग होतो, असा तर्क लगेच निघाला. तर्क आकर्षक होता. परंतु डीडीबी-१ चा खरा व्यवसाय पुढें निराळाच निघाला. पेशींत नको झालेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नांवाचा एक छोटा शिक्का मारला जातो, आणि शिक्का बसलेलें प्रथिन एका नळकांड्यासारख्या यंत्रांत जाऊन त्याचे तुकडे होतात. या शोधासाठीं चेचानोव्हर, हर्श्को व रोझ यांस २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें आहे. डीडीबी-१ हा शिक्का मारणाऱ्या एका यंत्राचा सांधा आहे. त्यास निरनिराळीं प्रथिनें येऊन जोडलीं जातात, आणि कोणास शिक्का मारावयाचा तें तीं दाखवितात. २०१० सालीं स्फटिकांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं ‘क्ष’चा एक लहानसा मळसूत्री भाग, पेशीचीं स्वतःचीं प्रथिनें जेथें बसतात, नेमका त्याच खांचेंत बसतो. परका मनुष्य कचेरींतील कारकुनाच्या खुर्चीवर बसून सरकारी शिक्का वापरूं लागावा, तसाच हा प्रकार होता.

परंतु शिक्का कोणावर? जिनिव्हा येथील मिशेल स्त्रूबॅं व त्यांचे सहकारी या प्रश्नामागें चिकाटीनें लागले होते. २००५ सालीं त्यांनीं दाखविलें कीं विषाणूची वाढ करावयाची तर ‘क्ष’नें डीडीबी-१ ला धरलेंच पाहिजे. २०१२ सालीं त्यांच्या हातीं जो धागा लागला तो सर्वांच्या डोळ्यांपुढें पंचवीस वर्षें लोंबत होता. परीक्षेचें जनुक पेशीच्या गुणसूत्रांत विणून बसविलें तर ‘क्ष’ त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं; तें सुटें, गुणसूत्राबाहेरचें असलें तरच ‘क्ष’चा प्रभाव दिसतो. जनुक कोणतें याला महत्त्व नव्हतेंच. महत्त्व होतें तें ज्यावर जनुक बसविलेलें होतें त्या कड्याला. १९८७ पासूनच्या प्रयोगांत ‘क्ष’ची जी सार्वत्रिक कृपा दिसली होती तिचें रहस्य हेंच. सर्वांनीं जनुकें बदलून पाहिलीं, कडें बदलून पाहण्याचें फार थोड्यांस सुचलें.

अखेर २०१६ सालीं शिक्क्याचा धनी सांपडला. पेशींत एसएमसी-५/६ नांवाचें प्रथिनांचें एक संकुल आहे. डीएनएचे धागे आवळून धरणाऱ्या कड्यासारख्या संकुलांच्या घराण्यांतलें तें असून गुणसूत्रांची नीट राखण व दुरुस्ती करणें हें त्याचें परिचित काम होय. त्याचें दुसरें काम आतां कळलें. केंद्रांत एखादें सुटें, वाटोळें, परकें डीएनए दिसलें कीं हें संकुल त्यास धरतें व त्याचे उतारे निघूं देत नाहीं. तें विषाणूची अक्षरें वाचून ओळखत नाहीं. गुणसूत्राबाहेरचें सुटें डीएनए हीच त्याला पुरेशी ओळख होते. ‘क्ष’ प्रथिन एका हातानें डीडीबी-१ च्या खांचेंत बसतें, दुसऱ्या हातानें या पहारेकऱ्यास तेथें ओढून आणतें, त्याच्यावर शिक्का बसतो आणि त्याचे तुकडे होतात. पहारा उठला कीं विषाणूचें वलय बोलूं लागतें. संसर्ग झालेल्या मानवी यकृतपेशींत हें संकुल खरोखरच नाहींसें झालेलें आढळलें. ‘क्ष’ कोणासही चेतना देत नव्हतें. तें फक्त अडथळा दूर करीत होतें. अमेरिकेंतील दुसऱ्या एका गटानेंही त्याच वर्षीं स्वतंत्रपणें हाच निष्कर्ष काढला.

कर्करोगाचें काय, असा प्रश्न येथें सहजच उत्पन्न होतो, आणि त्याचें उत्तर एका ओळींत देण्यासारखें नाहीं. हा विषाणु यकृतपेशी स्वतः मारीत नाहीं. शरीराची रोगप्रतिकारक सेना संसर्ग झालेल्या पेशी मारते, नव्या पेशी त्यांची जागा घेतात, पुन्हां त्या मारल्या जातात. वर्षानुवर्षांच्या या मोडतोडींत चुका सांठत जातात. विषाणूचे डीएनएचे तुकडे माणसाच्या गुणसूत्रांत कोठेंही घुसून बसतात, आणि अशा तुकड्यांत ‘क्ष’चा भाग वारंवार आढळतो. बुरशी लागलेल्या भुईमुगांतून व मक्यांतून पोटांत जाणारें अफ्लाटॉक्सिन त्यांत भर घालतें. गुणसूत्रांची राखण करणारें संकुलच ज्या पेशींतून हद्दपार झालें तिच्या गुणसूत्रांस धोका वाढत असला पाहिजे, हा तर्क सयुक्तिक आहे. परंतु तो धोका किती, याचें मोजमाप अद्याप वादांत आहे. १९९५ चा दुरुस्तीचा तर्क सर्वस्वी चुकला असें म्हणावें, तर तो निराळ्या वाटेनें परत आलेला दिसतो.

औषधांच्या दृष्टीनें मात्र या शोधाची दिशा स्पष्ट आहे. टेनोफोव्हिर व एन्टेकाव्हिर हीं प्रचलित औषधें उताऱ्यावरून डीएनए घडविणाऱ्या विकरास थांबवितात. रक्तांतील विषाणु जवळजवळ दिसेनासा होतो, यकृताचा दाह निवतो, कर्करोगाचा धोकाही घटतो. पण केंद्रांतील वलय जागच्या जागीं असतें, आणि गोळी थांबली कीं बहुतेकांच्या यकृतांत नकला पुन्हां निघूं लागतात. ‘क्ष’ आणि डीडीबी-१ यांची मिठी सोडवितां आली तर पहारेकरी परत येईल व वलय जागच्या जागीं मुकें होईल. २०१९ सालीं टोकियो येथील संशोधकांनीं पोटांतील परोपजीवींवर देण्यांत येणारें नायटाझॉक्सानाइड हें जुनें औषध प्रयोगशाळेंतील पेशींवर वापरून पाहिलें. त्यानें ती मिठी सैल झाली, एसएमसी-५ पुन्हां दिसूं लागलें आणि विषाणूचे उतारे घटले. कांचेच्या बशींतील पेशीपासून रोग्याच्या यकृतापर्यंतचा रस्ता लांब आहे, व ‘क्ष’वर नेम धरून केलेलें औषध अजून दवाखान्यांत आलेलें नाहीं. ज्यांस औषधाची गरज ठरली आहे असे जुनाट रोगी तूर्त रोज एक गोळी घेत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस ती वर्षानुवर्षें घ्यावी लागते.